आउटलुकचं ॲड-इन: एकाच सर्व्हरवर एकाला चालतं, दुसऱ्याला चालत नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

कळफलक | सोमवार, ११:२०

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या ऑफिसात सगळे जण एकाच रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर लॉगइन करून काम करतात. टेबलावर नुसता थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून देणारा छोटा संगणक). आउटलुक, एक्सेल वगैरे सगळं सर्व्हरवर. आउटलुकला दोन कॉम ॲड-इन (आउटलुकच्या आतच चालणारे जोडप्रोग्रॅम) जोडलेली आहेत. एक आलेली मेल थेट फाइल-नोंदणीत टाकणारं, दुसरं व्हिडिओ मीटिंगचं.

नोंदणीच्या ॲड-इनची नवी आवृत्ती टाकल्यापासून सकाळ झाली की फोन सुरू होतात, "बटण गेलं." ॲड-इनच्या खिडकीत बघितलं तर नावापुढे टिक नाही, आणि खाली लिहिलेलं असतं की लोड होताना रनटाइम एरर आली. मीटिंगचं बटणही काही जणांकडून अधूनमधून गायब होतं. सगळे गेल्यावर मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगइन केलं की दोन्ही बटणं जागच्या जागी! काढून परत टाकून झालं, सर्व्हर रीस्टार्ट करून झाला. ॲड-इनवाले सर्व्हरकडे बोट दाखवतात, सर्व्हर सांभाळणारे ॲड-इनकडे. मधल्या मध्ये नोंदणी करणारी माणसं एकेक मेल हाताने सेव्ह करत बसली आहेत, ते बघवत नाही.

बोरूबहाद्दर | सोमवार, ११:३१

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच चालू आहे. जाणकार प्रकाश टाकतीलच.

गवाक्ष | सोमवार, ११:४८

पहिलं बघा: ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं? कॉम ॲड-इनची डीएलएल (त्याच्या कोडची फाइल) आउटलुकच्या पोटात जाऊन चालते, त्यामुळे दोघांचे बिट जुळलेच पाहिजेत. सर्व्हर ६४ बिटचा आहे म्हणून ॲड-इनही ६४ बिटचं टाकायचं, हा नेहमीचा घोळ. विंडोज किती बिटचं आहे हा प्रश्नच नाही, आउटलुक किती बिटचं आहे तेवढंच बघायचं.

अडकित्ता | सोमवार, १२:०५

@गवाक्ष, बिट जुळत नसते तर ॲडमिनिस्ट्रेटरलाही बटण दिसलं नसतं. सर्व्हर तोच, आउटलुक तेच. त्यामुळे तो मुद्दा बाद.

माझं मत: सगळ्या युजरना लोकल ॲडमिन करून टाका. ॲडमिनला चालतंय ना? मग झालं.

रात्रपाळी | सोमवार, १२:१९

@अडकित्ता, कृपा करून हा सल्ला कोणी अमलात आणू नका. शेअर्ड सर्व्हरवर एकाला ॲडमिन केलं की त्याला बाकी सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये (खात्याच्या फाइली आणि सेटिंगमध्ये) शिरता येतं, कोणाचंही सेशन बंद करता येतं. आणि त्याने चुकून एक खराब अटॅचमेंट उघडली तर पूर्ण ऑफिस बसतं. ॲडमिनला चालतं हा उपाय नव्हे, ती खूण आहे. बहुतेक कुठेतरी परवानगी आडवी येते आहे, एवढंच त्यातून कळतं.

@कळफलक, तुमच्या पोस्टमध्ये मला दोन वेगळे आजार दिसताहेत आणि तुम्ही ते एकत्र मोजताय. म्हणून आधी दोन प्रश्न:

१) मीटिंगचं बटण जातं तेव्हाही रनटाइम एररच दिसते का? की आउटलुक म्हणतं की ॲड-इनमुळे वेग मंदावला म्हणून ते बंद केलं?
२) नोंदणीचं बटण सगळ्यांचंच जातं का? एखाद्याचं चालत असेल तर तो रोज तोच माणूस असतो की वेगळा?

निळी_शाई | सोमवार, १२:४०

मी तंत्रज्ञ नाही, ऑफिसात काम करणारी आहे. आमच्याकडेही असंच होतं. आउटलुक कधी विचारतं, "सेफ मोडमध्ये सुरू करू का?" मी हो म्हणते, मग तर सगळीच बटणं गायब होतात. हो म्हणायचं की नाही?

रात्रपाळी | सोमवार, १२:५२

@निळी_शाई, नाही म्हणा. सेफ मोडमध्ये आउटलुक ॲड-इन मुद्दाम बाजूला ठेवूनच सुरू होतं, त्यामुळे बटणं दिसणारच नाहीत. तो मोड तपासणी करणाऱ्याच्या कामाचा: सेफ मोडमध्ये आउटलुक नीट चाललं तर संशय ॲड-इनवर, तिथेही अडखळलं तर प्रोफाइल नाहीतर डेटा फाइलकडे वळायचं.

आणखी एक. संध्याकाळी निघताना रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करू नका, साइन आउट करा. फुलीने सेशन फक्त सुटतं, मरत नाही. आउटलुक रात्रभर आत चालूच राहतं. दुरुस्ती झाली तरी सकाळी तुम्ही त्याच जुन्या, बिघडलेल्या आउटलुकमध्ये परत जाता आणि वाटतं, काहीच दुरुस्त झालेलं नाही.

निळी_शाई | सोमवार, १२:५५

हे आम्हाला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं! सगळे फुलीच वापरतात. धन्यवाद.

कळफलक | सोमवार, १५:१०

@रात्रपाळी, सगळ्यांच्या टेबलांवर फिरून विचारून आलो.

मीटिंगचं ॲड-इन: वर पिवळी पट्टी येते की आउटलुक मंदावल्यामुळे ॲड-इन बंद केलं. रनटाइम एरर नाही. म्हणजे आजार दोन आहेत हे कबूल.

नोंदणीचं ॲड-इन: जवळजवळ सगळ्यांचं जातं. पण रोज एखाद्याचं मात्र व्यवस्थित चालतं आणि तो माणूस रोज वेगळा असतो! आज ज्याचं चालतंय त्याचं परवा चालत नव्हतं.

चिमटा | सोमवार, १५:२२

रोज एकालाच बटण? लकी ड्रॉ आहे का? पत्ते टाका, उद्या कोणाचा नंबर ते बघू.

सुतळी | सोमवार, १५:३०

सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकताना इन्स्टॉल मोड लावला होता का? कमांड प्रॉम्प्टमध्ये "चेंज युजर /इन्स्टॉल", मग सेटअप, मग "चेंज युजर /एक्झिक्यूट". तसं केलं नाही तर सेटअपने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) केलेले युजरचे बदल फक्त सेटअप चालवणाऱ्याच्या खात्यात राहतात. ॲडमिनला दिसतं आणि बाकीच्यांना नाही, हे त्या लक्षणाशी जुळतं.

रात्रपाळी | सोमवार, १६:०२

@सुतळी, मुद्दा रास्त आहे, पण मग ॲड-इनचं नावच बाकीच्यांच्या यादीत दिसलं नसतं. इथे नाव दिसतंय, फक्त लोड होत नाही. आणि रोज एकाचं चालतंय.

बाकीच्यांसाठी थोडं खुलासेवार लिहितो, कारण शेअर्ड सर्व्हरवरचे निम्मे घोळ इथेच होतात. ॲड-इनची नोंद रजिस्ट्रीत दोन ठिकाणी असू शकते. एचकेएलएम म्हणजे पूर्ण मशीनसाठी, एचकेसीयू म्हणजे त्या एका युजरपुरती. इमारत एक, पण खोल्या आणि किल्ल्या ज्याच्या त्याच्या. नोंदीत लोडबिहेवियर नावाचा आकडा असतो. ३ असेल तर आउटलुक सुरू होताना ॲड-इन लोड होतं. युजरपुरती नोंद असलेलं ॲड-इन लोड होताना कोसळलं तर तो आकडा २ होतो आणि पुढच्या वेळी आउटलुक त्याच्या वाटेला जात नाही. नोंद मशीनसाठी असेल तर साध्या युजरला तिथे लिहिताच येत नाही. त्याने टिक लावायला गेलं की आउटलुक सांगतं की या ॲड-इनची स्थिती बदलता येणार नाही. अशा वेळी आकडा ३ राहतो आणि दर वेळी नव्याने प्रयत्न होतो.

तुमच्याकडे माणूस रोज बदलतोय म्हणजे प्रयत्न रोज नव्याने होतोय. नोंद एचकेएलएममध्ये असणार, तपासून बघा.

आणि आता खरा प्रश्न: ज्याचं चालतं तो त्या दिवशी ऑफिसात सगळ्यात आधी आलेला असतो का?

चिमटा | सोमवार, १६:०५

आता ही रहस्यकथा झाली. मी हलत नाही इथून.

कळफलक | मंगळवार, ९:४७

@रात्रपाळी, अंगावर काटा आला. आज मुद्दाम सगळ्यांच्या आधी येऊन बसलो. जिने पहिल्यांदा आउटलुक उघडलं तिचं बटण आहे. नंतर आलेल्या एकाचंही नाही. नोंदही एचकेएलएममध्येच आहे, आकडा ३. तुम्हाला हे कळलं कसं?

रात्रपाळी | मंगळवार, १०:१५

पहिल्याला मिळतं आणि नंतरच्यांना नाही, म्हणजे पहिला माणूस काहीतरी धरून बसतो. बहुतेक फाइल. कोणती ते अंदाजाने शोधू नका, प्रोसेस मॉनिटर लावा, कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल उघडतो ते त्यात दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं ते साधन फुकट मिळतं. ॲडमिन म्हणून तुमच्या सेशनमध्ये चालवलं तरी सगळ्यांच्या सेशनमधलं दिसतं. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव आउटलुक आणि युजर म्हणून ज्याचं बटण गेलंय तो. त्याला आउटलुक बंद करून उघडायला सांगा आणि लगेच पकडणं थांबवा, नाहीतर यादी इतकी वाढते की सर्व्हर धापा टाकू लागतो. मग रिझल्टच्या रकान्यात "ॲक्सेस डिनाइड" शोधा. "नेम नॉट फाउंड" ढिगाने दिसतील, त्यांना घाबरू नका. प्रोग्रॅम चार ठिकाणी शोधून पाचव्या ठिकाणी फाइल मिळवतात, ते नेहमीचंच आहे.

गवाक्ष | मंगळवार, १०:३३

ॲड-इन व्हीएसटीओवालं (मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ टूल्सने बनवलेलं) असेल तर आणखी एक सोपी वाट आहे. त्या युजरसाठी व्हीएसटीओ_सप्रेसडिस्प्लेअलर्ट्स नावाचा एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये नावाने ठेवलेलं सेटिंग) ठेवून किंमत ० द्या. एरवी गिळून टाकलेला एररचा मजकूर पडद्यावर येतो. सिस्टिमला नको, त्या एका युजरपुरताच ठेवा, नाहीतर सगळ्या ऑफिसला खिडक्या दिसू लागतील. काम झालं की आठवणीने काढा.

कळफलक | मंगळवार, १२:०८

सापडलं!

प्रोग्रॅमडेटा या सगळ्या युजरच्या सामाईक फोल्डरात नोंदणीच्या ॲड-इनचं फोल्डर आहे, त्यात लॉग्ज, आणि त्यात आजच्या तारखेच्या नावाची एक फाइल. नंतर येणाऱ्याचं आउटलुक ती लिहिण्यासाठी उघडायला जातं आणि "ॲक्सेस डिनाइड" होतं. त्याच्या पुढच्याच ओळींत ॲड-इनच्या डीएलएल आवरायला सुरुवात. फाइलचा मालक बघितला तर सकाळी पहिल्यांदा आलेली तीच. @गवाक्ष यांची युक्तीही केली. खिडकीत सरळ लिहून आलं की या फाइलपर्यंत पोचायला परवानगी नाही.

रात्रपाळी | मंगळवार, १२:३०

वा! आता सगळे धागे जुळतात. प्रोग्रॅमडेटामध्ये साध्या युजरला नवी फाइल बनवता येते आणि तिच्यावर पूर्ण हक्क मिळतो तो बनवणाऱ्यालाच. इतरांना ती वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. रोज नव्या तारखेची फाइल, म्हणून रोज नवा मालक. ॲडमिनिस्ट्रेटरला सगळीकडे लिहिता येतं म्हणून तुम्हाला चालत होतं. एका माणसाच्या एका पीसीवर हे कधीच दिसणार नाही. ॲड-इनवाल्यांनी त्यांच्याकडे तपासलं तेव्हा ते चाललं असणारच, खोटं बोलत नव्हते बिचारे.

अडकित्ता | मंगळवार, १२:४१

मग त्या फोल्डरवर सगळ्यांना मॉडिफाय (बदल करण्याची परवानगी) द्या आणि मोकळे व्हा. ॲडमिनचा सल्ला मागे घेतो.

रात्रपाळी | मंगळवार, १२:५८

द्या, पण फक्त लॉग्ज फोल्डरवर. ज्या फोल्डरात डीएलएल आहेत तिथे साध्या युजरला लिहिण्याची परवानगी कधीही देऊ नका. एकाने बदललेली डीएलएल दुसऱ्याच्या आउटलुकमध्ये त्या दुसऱ्याच्या हक्काने चालेल. शेअर्ड सर्व्हरवर हे दार उघडं ठेवणं फार धोक्याचं.

तारयंत्र | मंगळवार, १३:२०

इतका वेळ नुसतं वाचत होतो. एक विचारतो: त्या लॉगमध्ये लिहिलंय काय? वरच लिहिलंय ना, इतरांना वाचता येतं म्हणून.

कळफलक | मंगळवार, १३:४४

@तारयंत्र, तुम्ही विचारलंत म्हणून साध्या युजरच्या खात्यातून उघडून बघितली. नोंदवलेल्या प्रत्येक मेलचा विषय, पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख. जो दिवसातला पहिला त्याचं सगळं काम त्या फाइलमध्ये, आणि ती ऑफिसातल्या कोणालाही उघडता येते. जुन्या तारखांच्या फाइलीही तशाच पडून आहेत. आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या तक्रारींच्या मेलही याच नोंदणीतून जातात. आता मला बटणापेक्षा याची काळजी जास्त वाटते आहे.

तारयंत्र | मंगळवार, १३:५२

मग मॉडिफाय अजिबात देऊ नका. आज एकाच्या मेलचे विषय उघडे पडताहेत, परवानगी दिलीत की सगळ्यांचे एका फाइलीत गोळा होतील. लॉग ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये, लोकल ॲपडेटाखाली जायला हवा. जुन्या फाइली तिथून उचलून फक्त ॲडमिनला दिसतील अशा जागी ठेवा, आणि तुमच्या वरिष्ठांना हे लेखी कळवा.

अडकित्ता | मंगळवार, १४:०१

तक्रारींचे विषय सगळ्यांना दिसत असतील तर प्रश्नच मिटला. @तारयंत्र यांना पूर्ण अनुमोदन.

कळफलक | मंगळवार, १६:३५

प्रगती. @तारयंत्र यांचा प्रतिसाद वाचायच्या आत लॉग्जवर मॉडिफाय देऊन बघितलं होतं. एरर बदलली: "ॲक्सेस डिनाइड" जाऊन "शेअरिंग व्हायोलेशन" आलं. म्हणजे पहिल्याचं आउटलुक ती फाइल उघडून एकट्यापुरती धरून ठेवतं. परवानगीने काम भागलं नसतंच. परवानगी काढून घेतली. जुन्या फाइली हलवल्या, वरिष्ठांना मेल केली.

ॲड-इनवाल्यांना प्रोसेस मॉनिटरमधल्या त्या चार ओळी पाठवल्या, आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या माणसाने "तुमचा सर्व्हर" असं न म्हणता नीट उत्तर दिलं. त्यांच्या कॉन्फिग फाइलमध्ये लॉगचा पत्ता बदलता येतो आणि तिथे लोकल ॲपडेटाचा व्हेरिएबल चालतो. उद्या सकाळी खरं कळेल.

बोरूबहाद्दर | मंगळवार, १७:०२

आमच्या सर्व्हरवर आत्ता बघितलं. ॲड-इन वेगळं, दुखणं वेगळं (आमचं युजरपुरतं नोंदवलेलं आहे, आकडा २ होऊन बसला होता), पण प्रोग्रॅमडेटामध्ये उघडी लॉग फाइल आमच्याकडेही निघाली! हा धागा नसता तर तिकडे ढुंकून बघितलं नसतं. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

जुनी_खिडकी | मंगळवार, १७:४०

हे सगळे कॉम ॲड-इनचे भोग. नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन चालतच नाहीत, फक्त वेब ॲड-इन. लवकर तिकडे वळा म्हणजे रजिस्ट्री, डीएलएल, बिट सगळ्यातून सुटका.

गवाक्ष | मंगळवार, १८:०५

@जुनी_खिडकी, दिशा तीच आहे, पण उद्या सकाळी माणसांना बटण हवंय. शिवाय वेब ॲड-इनला कॉमइतका आतपर्यंत हात घालता येत नाही. नोंदणीवाल्यांनी वेब आवृत्ती आणली तरी त्यात सगळ्या सोयी असतील का ते आधी विचारा, मग वळा.

कळफलक | बुधवार, १०:२०

सगळ्यांची नोंदणीची बटणं आली! पहिला, शेवटचा, सगळे. लॉग ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये बनतोय. नोंदणीच्या टेबलावरून फोन आला, या वेळी आभाराचा. @रात्रपाळी, @तारयंत्र, @गवाक्ष, मनापासून धन्यवाद.

आता मीटिंगचं राहिलं. ग्रुप पॉलिसीत (ॲडमिनने सगळ्यांना लावायच्या नियमांत) मॅनेज्ड ॲड-इनच्या यादीत त्याचं नाव घालून १ लिहिलं की आउटलुकला ते बंद करता येत नाही असं वाचलं. तसंच करू का?

रात्रपाळी | बुधवार, १०:५०

वाचलंत ते बरोबर आहे. १ म्हणजे कायम चालू, ० म्हणजे कायम बंद, २ म्हणजे युजरच्या मर्जीवर. पण आधी मोजा, मग सक्ती करा.

२०१३ पासून आउटलुक प्रत्येक ॲड-इनला सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजतं. लागोपाठच्या पाच वेळांचा मध्यक १००० मिलिसेकंदांच्या वर गेला की ॲड-इन बंद. हे आकडे तुम्हालाही बघता येतात: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉग, सोर्स आउटलुक, इव्हेंट क्रमांक ४५. आउटलुक उघडलं की प्रत्येक ॲड-इनचा बूट टाइम त्यात लिहिला जातो. बंद केलेल्याची नोंद ५९ क्रमांकाची. सर्व्हरवर सगळ्यांच्या नोंदी एकाच लॉगमध्ये येतात, त्यामुळे कोण केव्हा आलं ते वेळेवरून जुळवावं लागेल. सकाळची नोंद आणि दुपारची नोंद शेजारी शेजारी ठेवून बघा.

सुतळी | बुधवार, ११:१२

मी सरळ १ लिहून ठेवतो, काही बिघडत नाही. बटण असलं म्हणजे लोक खूश.

रात्रपाळी | बुधवार, ११:२५

@सुतळी, बटण राहतं, पण तो वेळ कुठे जात नाही. आउटलुक उघडायला रोज प्रत्येकाचे तेवढे सेकंद जातातच, फक्त सांगणारी पिवळी पट्टी गप्प होते. मूळ कारण सापडेपर्यंत १ लिहायला माझी हरकत नाही. सापडलं नाही म्हणून कायमचं लिहिण्याला आहे.

सुतळी | बुधवार, ११:३०

मला पटलेलं नाही, पण मोजून बघायला काय जातंय. मीही बघतो.

कळफलक | बुधवार, १४:४०

फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. दुपारी मीटिंगचं ॲड-इन साधारण ४०० मिलिसेकंदांत उठतं. सकाळी सगळे एकदम लॉगइन करतात तेव्हाच्या नोंदी २००० च्या वर, काही ३००० च्या आसपास. उशिरा येणाऱ्यांचं बटण कधीच जात नाही, याचाही उलगडा झाला. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क पूर्णपणे कामात गुंतलेली दिसते आणि सगळ्यात वर अँटिव्हायरस. त्याचं पूर्ण स्कॅन नेमकं ऑफिस उघडायच्या वेळेला लावलेलं आहे.

गवाक्ष | बुधवार, १४:५५

पूर्ण स्कॅन रात्री न्या. अँटिव्हायरस बंद करू नका, आणि ॲड-इनचं फोल्डर लगेच वगळूही नका. नुसती वेळ बदलून पुरतं का ते आधी बघा.

कळफलक | शुक्रवार, १०:०५

स्कॅन रात्री नेलं. कालच्या आणि आजच्या सकाळच्या नोंदी ७०० ते ९०० च्या दरम्यान आहेत. सीमेच्या आत आहेत, पण फार आत नाहीत. पॉलिसीत १ लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडे बंद झालं होतं त्यांना फाइल मेनूतल्या मंद आणि बंद ॲड-इनच्या यादीतून परत चालू करायला सांगितलं, ते त्यांचं त्यांना जमलं.

सुतळी | शुक्रवार, १०:३०

आमचे आकडेही बघितले. सकाळी १८००. पॉलिसीने झाकून ठेवलं होतं, खरं आहे. डिस्कच्या मागे लागतो आता.

निळी_शाई | शुक्रवार, ११:१५

एक शेवटचं विचारू? आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, ज्याच्यावर जागा असेल तिकडे लॉगइन होतं. एकावर बंद झालेलं बटण दुसऱ्यावर गेलं तरी बंदच असतं. असं का?

रात्रपाळी | शुक्रवार, ११:४०

कारण "हे ॲड-इन बंद" ही नोंद आउटलुक तुमच्या एचकेसीयूमध्ये, रेझिलिअन्सी नावाच्या भागात करतं. तुमचं प्रोफाइल दोन्ही सर्व्हरवर तुमच्यासोबत फिरत असेल तर ती नोंदही फिरते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगा की इव्हेंट ४५ दोन्हीकडचा बघा. बऱ्याचदा एकच सर्व्हर मंद असतो आणि बटण दोन्हीकडचं जातं. ॲड-इनची आवृत्ती दोन्हीकडे एकच आहे ना, तेही तपासायला सांगा.